अस्सल, नक्कल आणि हमी : संगणकीय पुराव्याच्या इतिहासातील एक प्रश्न

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ सालच्या निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. अर्जुन पंडितराव खोतकर यांस ४५,०७८ आणि कैलास कुशनराव गोरंट्याल यांस ४४,७८२ मते पडली. पराभूत उमेदवाराने व एका मतदाराने या निवडीस उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांचा मुख्य आक्षेप मतमोजणीवर नव्हता, घड्याळावर होता. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजता संपत होती आणि विजयी उमेदवाराचे अर्ज त्यानंतर स्वीकारण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि कार्यालयाबाहेर निवडणूक आयोगाच्या आदेशानुसार कॅमेरे लावलेले होते. अर्थात त्या दुपारी काय घडले याचा यांत्रिक साक्षीदार उपलब्ध होता. न्यायालयाच्या आदेशावरून ही चित्रमुद्रणे सीडींवर उतरवून दाखल करण्यात आली. मात्र त्यांच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र नव्हते. अर्जदारांनी ते पुनःपुन्हा मागितले, पण संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. परिणामी सीडींवर काय दिसते यापेक्षा त्यांस पुरावा म्हणावे की नाही, हाच प्रश्न पुढे जुलै २०२० पर्यंत चालला.

संगणकीय गुन्ह्यांच्या तपासाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी या विषयाकडे बहुधा यंत्रविद्येच्या बाजूने येतो. पुसलेली फाइल कशी परत मिळवावी, संदेश कोणत्या यंत्रावरून निघाला हे कसे शोधावे, हे त्यास शिकवले जाते, आणि ते आवश्यकच आहे. तथापि या विद्येचा भारतातील इतिहास पाहिला असता असे दिसते की, न्यायालयात तिची खरी कसोटी यंत्राने लागलेली नाही. एखादी वस्तू अस्सल आहे की नक्कल, आणि नक्कल असल्यास तिची हमी कोणी द्यावी, या जुन्याच प्रश्नावर ती लागलेली आहे.

या दोन शब्दांची व्युत्पत्ती येथे उद्बोधक आहे. ‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, बुंधा यावरून आला. ‘नक्कल’ हा ‘नक़्ल’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, यावरून. मराठीत नक्कल शब्दास सोंगाची, वेडावण्याची छटा पुढे चिकटली आणि नक्कल म्हणजे काहीतरी खोटे, असा भाव रूढ झाला. मूळ अर्थात तो नव्हता. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेला, एवढेच त्यात अभिप्रेत होते. तो नेताना वाटेत काय झाले हा प्रश्न त्या अर्थातच दडलेला आहे. ‘दस्तऐवज’ हा फारसी शब्दही असाच बोलका आहे. ‘दस्त’ म्हणजे हात. हाती धरावयाची, जिचा आधार घ्यावयाचा अशी वस्तू, असा त्याचा मूळ भाव आहे.

जुन्या दफ्तरांत या प्रश्नाची जाणीव पुरेपूर होती. सनदेची तालीक, म्हणजे नक्कल, गावच्या दफ्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल कागद वतनदारास परत द्यावा, अशी आज्ञा पत्रांच्या शेवटी पुष्कळदा आढळते. शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपल्यावर मोर्तब होई. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा मोर्तबाचा हेतू. लांब कागदाचे बंद एकमेकांस चिकटवलेले असल्यास सांध्यांवर ठसा उमटवीत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. अक्षर बदलणे सोपे आहे हे कारकुनास ठाऊक होते. म्हणून त्याने बदल लपून राहणार नाही अशी तजवीज केली.

१८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने रचला. त्यातील दस्तऐवजाची व्याख्या आश्चर्य वाटावे इतकी विस्तृत आहे : कोणत्याही पदार्थावर अक्षरे, आकडे किंवा खुणा यांच्या साहाय्याने व्यक्त केलेला मजकूर म्हणजे दस्तऐवज. धातूच्या पत्र्यावरील किंवा दगडावरील लेख हे उदाहरण त्यात दिलेले आहे. इतकेच नव्हे, तर व्यंगचित्रही दस्तऐवजात मोडते. मूळ दस्तऐवज न्यायालयापुढे ठेवणे हा प्राथमिक पुरावा आणि त्याची नक्कल हा दुय्यम पुरावा, अशी विभागणी स्टीफनने केली. ज्या यांत्रिक प्रक्रियेत नकलेची अचूकता मुळातच साधलेली असते, त्या प्रक्रियेने काढलेल्या प्रतींस त्याने दुय्यम पुराव्यात स्थान दिले. त्याच्या डोळ्यांपुढे छापखाना, शिळाप्रेस आणि छायाचित्र ही यंत्रे होती. यंत्र नक्कल करताना लबाडी करीत नाही, हा त्या शतकाचा विश्वास या कलमात उतरला आहे.

त्या विश्वासास पहिला तडा ध्वनिफितीने दिला, आणि तो मुख्यतः मुंबईच्या खटल्यांत. युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात महापालिकेच्या कारकुनास लाच देऊ करतानाचे संभाषण लपवलेल्या ध्वनिग्राहकाने टिपले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही ध्वनिफीत पुराव्यात घेतली. परंतु चुंबकीय फीत पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून अशा पुराव्याकडे सावधपणे पाहावे, असेही बजावले. ध्वनिमुद्रणाची वेळ, स्थळ व अचूकता जाणत्या साक्षीदाराने शाबीत केली पाहिजे आणि आवाजांची ओळख पटली पाहिजे, या अटी तेथे स्पष्ट झाल्या. फीत लाखेने मोहोरबंद केलेली नव्हती याचीही न्यायालयाने नोंद घेतली. पुढे मलकाणी खटल्यात दूरध्वनीवरील संभाषणाचे मुद्रण घटनेच्या छायाचित्रासारखे मानले गेले. आणि १९७२ च्या विधानसभा निवडणुकीतील भाषणांवरून झालेल्या बुखारी विरुद्ध मेहरा या खटल्यात, १९७५ साली, ध्वनिफीत हा १८७२ च्या व्याख्येनुसार दस्तऐवजच होय असा निर्वाळा मिळाला. स्टीफनची व्याख्या शंभर वर्षांनंतरही पुरून उरली. फीत बोलते ते खरे, हे सांगण्यास मात्र प्रत्येक वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माणूस उभा करावा लागला.

संगणकाच्या बाबतीत अडचण याहून खोल आहे. फितीस निदान एक मूळ फीत असते. संगणकातील नोंद उघडली की तीच स्मृतिकोशात उतरते, पडद्यावर उमटते, छापली जाते. यांतील मूळ कोणते? शिवाय जप्त केलेला संगणक नुसता चालू केला तरी त्याची कार्यप्रणाली शेकडो फाइलींना हात लावते आणि त्यांच्या वेळा बदलतात. म्हणून तपासनिसास पहिला धडा दिला जातो तो असा की मूळ यंत्र चालू करून आत डोकावू नये. त्यातील डिस्क लेखनरोधक उपकरणामार्फत जोडावी, म्हणजे वाचन होईल पण लेखन होणार नाही; तिची बिटागणिक प्रतिकृती घ्यावी; मूळ डिस्क मोहोरबंद करून ठेवावी आणि सर्व परीक्षण प्रतिकृतीवर करावे. कायदा अस्सलास अग्रमान देतो, तर ही विद्या अस्सलास स्पर्श न करण्यापासून सुरू होते.

ही शिस्त पुस्तकांतून आली नाही, अडचणींतून आली. तिचे एक आरंभीचे उदाहरण अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तेथे नुकतेच संगणकाच्या कामावर आलेले खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्यापुढे हिशेबातील ७५ सेंटांची तफावत आली. शोध घेता कोणी परका मनुष्य प्रयोगशाळेच्या संगणकातून लष्करी संगणकांत शिरत असल्याचे निष्पन्न झाले. स्टोल यांनी संगणकातील नोंदींवर भिस्त ठेवली नाही, कारण आत शिरलेला मनुष्य त्या पुसू शकत होता. त्यांनी बाहेरून येणाऱ्या तारांवर छपाईयंत्रे जोडली. त्याने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उमटू लागली आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. जोडीला त्यांनी खगोलनिरीक्षकाच्या सवयीने दैनंदिन नोंदवही ठेवली. तोट्याचा आकडा ७५ सेंट असल्यामुळे पोलिसी यंत्रणेस आरंभी या प्रकरणात रस वाटला नाही, हे आज विनोदी वाटते. पण तपासाचे महत्त्व नुकसानीच्या रकमेवर ठरवण्याची वृत्ती अद्याप गेलेली आहे असे म्हणवत नाही. माग पश्चिम जर्मनीतील हानोफर शहरापर्यंत पोहोचला आणि १९९० मध्ये तेथील न्यायालयात दोषसिद्धी झाली. कागद आणि नोंदवही ही त्या तपासातील निर्णायक हत्यारे होती, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहसा पटत नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्याने पुरावा अधिनियमात कलम ६५-ब घातले. संगणकातून निघालेली प्रत काही अटींवर दस्तऐवज समजावी. त्या अटी पुऱ्या झाल्याचे प्रमाणपत्र, त्या यंत्राची किंवा त्या कामाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने सही करून द्यावे, असा त्याचा आशय. हे कलम बहुतांशी इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातील पाचव्या कलमावरून घेतलेले आहे. मौजेची गोष्ट ही की, इंग्लंडने ते कलम १९९५ मध्येच रद्द केले होते आणि फौजदारी खटल्यांसाठी असलेले तत्सम कलमही १९९९ च्या कायद्याने काढून टाकले. म्हणजे एका देशाने जुने म्हणून टाकलेले वस्त्र दुसऱ्याने नवे म्हणून शिवून घेतले. यावरून कलम ६५-ब ची थट्टा पुष्कळ झाली आहे.

ही थट्टा मात्र सर्वस्वी योग्य नव्हती. इंग्लंडमध्ये प्रमाणपत्राची अट गेल्यानंतर उरले ते जुने गृहीतक : विरुद्ध पुरावा नसेल तर यंत्र नीट चालत होते असे मानावे. त्याच सुमारास तेथील टपाल खात्याने ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती आपल्या शाखांत बसवली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्या शेकडो उपडाकपालांवर चोरी व खोट्या हिशेबाचे खटले झाले. तूट पडलीच नाही, हे दाखवण्यासाठी लागणाऱ्या नोंदी त्यांच्या हाती नव्हत्या. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पद्धतीतील दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकदम रद्द केली, आणि अखेर २०२४ मध्ये उरलेल्या बहुतेकांसाठी संसदेस स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रमाणपत्र असते तर हे टळलेच असते असे नाही. खोटी सही करणाराही मिळू शकतो. पण सही करणाऱ्यास निदान प्रश्न विचारता येतो. गृहीतकास तो विचारता येत नाही.

भारतीय न्यायालयांचा या कलमाशी झालेला व्यवहार सरळ रेषेत चालला नाही. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात दूरध्वनी कंपन्यांच्या छापील नोंदी महत्त्वाच्या होत्या. त्यांच्यासोबत कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, असे प्रमाणपत्र नसले तरी दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांखाली या नोंदी घेता येतात. पुढे नऊ वर्षे देशभरचे खटले या निर्णयाच्या आधारे चालले. सप्टेंबर २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणी त्रिसदस्य पीठाने हा दंडक चुकीचा ठरवला : विशेष तरतूद असताना सामान्य तरतुदीचा आश्रय घेता येत नाही, सबब प्रमाणपत्राविना संगणकीय नक्कल पुराव्यात येऊ शकत नाही. हे प्रकरण केरळ विधानसभेच्या २०११ च्या निवडणुकीतील प्रचारगीतांचे व भाषणांचे होते. प्रत्यक्ष प्रचारात वाजवलेल्या सीडी जप्त करून हजर केल्या असत्या तर त्या प्राथमिक पुरावा ठरल्या असत्या. अर्जदाराने मात्र दुसऱ्या उपकरणावर मुद्रण करून, ते संगणकात घालून, त्यावरून सीडी बनवल्या होत्या. दोन्ही चकत्या दिसावयास सारख्या, ऐकावयासही सारख्या. एक अस्सल, दुसरी नक्कल.

संसद हल्ल्याच्या खटल्यातील एका आरोपीस फेब्रुवारी २०१३ मध्ये फाशी झालेली होती. त्याच्या दोषसिद्धीस इतरही पुराव्यांचा आधार होता हे खरे. पण पुराव्याविषयीचा जो दंडक त्या खटल्यात घालून दिला गेला, तो फाशीनंतर एकोणीस महिन्यांनी चुकीचा ठरला, ही गोष्ट या शाखेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

अन्वर निर्णयाची कठोरताही व्यवहारात टिकेना. यंत्र प्रतिपक्षाच्या किंवा त्रयस्थाच्या ताब्यात असेल तर प्रमाणपत्र आणावे कोठून? जानेवारी २०१८ मध्ये शफी महंमद प्रकरणी द्विसदस्य पीठाने अशा पक्षकारास सूट दिली. जालन्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तत्पूर्वीच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दुसरी वाट काढली होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उलटतपासणीत दिलेल्या उत्तरांनी प्रमाणपत्राची अट आशयतः पूर्ण होते, असे मानून त्याने खोतकर यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यास स्थगिती दिली आणि अंतिम निकाल १४ जुलै २०२० रोजी आला. प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही आणि शफी महंमद निर्णय चुकीचा आहे, असे त्रिसदस्य पीठाने सांगितले. मात्र ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरीही ज्यास ते नाकारले गेले, त्यास अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही. मूळ उपकरणाचा मालक स्वतः ते उपकरण घेऊन साक्षीस आला तर प्रमाणपत्राची गरजच नाही, हेही स्पष्ट झाले. अन्य पुराव्याच्या आधारे उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती आणि २०१९ च्या निवडणुकीत जालन्यातून गोरंट्याल निवडूनही आले होते.

या निकालात भाषेच्या अभ्यासकास विशेष रस वाटावा अशी दोन स्थळे आहेत. कलमात प्रमाणपत्राने पुढीलपैकी ‘कोणतीही’ गोष्ट करावी असे म्हटले आहे. न्यायालयाने ‘कोणतीही’ याचा अर्थ येथे ‘सर्व’ असा घेतला. तसेच सही करणाऱ्याने आपल्या उत्तम ज्ञानानुसार ‘आणि’ विश्वासानुसार निवेदन करावे, यातील ‘आणि’ हा ‘किंवा’ असा वाचावा, असे न्यायालय म्हणते. कारण एकच गोष्ट मनुष्य एकाच वेळी जाणतो आणि मानतो असे होत नाही. ही दुसरी दुरुस्ती तर्कशास्त्रदृष्ट्या वादग्रस्त आहे. जे आपण जाणतो ते मानतोही, असे ज्ञानमीमांसेचा कोणीही विद्यार्थी म्हणेल. पण तिच्यामुळे व्यवहारात काय साधले ते पाहावे : स्वतः नोंद न केलेला, परंतु यंत्राची जबाबदारी असलेला अधिकारी आता विश्वासाच्या बळावर सही करू शकतो. ज्या हमीसाठी एवढा खटाटोप झाला, ती हमी येथे किंचित सैल झाली.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंद दस्तऐवजाच्या व्याख्येतच समाविष्ट आहे, आणि एकाच वेळी अनेक फाइलींत साठवलेल्या नोंदीची प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा मानावी असे त्याचे स्पष्टीकरण आहे. अस्सल एकच असते, ही कल्पना कायद्याने येथे सोडून दिली. त्याच वेळी प्रमाणपत्र मात्र अधिक कडक झाले. कलम ६३ खालील नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला पक्षकाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत नोंदीचे हॅशमूल्य लिहावयाचे असते.

हॅश म्हणजे फाइलीतील सर्व बिटांवरून ठरावीक गणिती रीतीने काढलेली निश्चित लांबीची संख्या. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण बदलते. मोर्तबाचेच हे दूरचे वंशज म्हणावयाचे. नमुन्यात शा-१, शा-२५६ आणि एम-डी-५ या रीती छापलेल्या आहेत. यांपैकी १९९१ च्या एम-डी-५ रीतीत एकच हॅश असलेल्या दोन भिन्न फाइली बनवता येतात हे २००४ मध्ये, आणि शा-१ रीतीत ते २०१७ मध्ये सिद्ध झाले. आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलीस जुळणारी दुसरी फाइल तयार करणे ही याहून पुष्कळच कठीण गोष्ट होय, म्हणून जुन्या खटल्यांतील हॅश निरर्थक ठरत नाहीत. परंतु २०२३ च्या कायद्यात त्या रीती नव्याने छापण्याचे कारण समजत नाही. चिपयुक्त एसएसडी डिस्कची अडचण निराळी आहे. वीज मिळताच ती पुसलेल्या जागांची आपोआप आवराआवर करते. त्यामुळे कोणी हात न लावताही संपूर्ण डिस्कचे दुसऱ्या दिवशी काढलेले हॅश वेगळे येऊ शकते. पंचनामा करणाऱ्यास हे ठाऊक नसेल तर प्रामाणिक तपासावरही संशय येतो.

हॅशची याहून मोठी मर्यादा अशी की, ते काढले गेल्या क्षणापासून पुढची हमी देते, त्यापूर्वीची नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणी पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये एका आरोपीचा संगणक जप्त केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खाजगी परीक्षणसंस्थेने, त्यातील आक्षेपार्ह फाइली जप्तीपूर्वी परक्याने घुसखोर आज्ञावलीद्वारे दुरून त्यात टाकल्या होत्या, असा अहवाल दिला. तपासयंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वादाचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, दोन्ही पक्ष एकाच डिस्कच्या प्रतिकृतीविषयी बोलत असतील आणि तिचे हॅश बिनचूक जुळत असेल, तरी फाइल तेथे कोणी ठेवली या प्रश्नास त्या संख्येत उत्तर नाही. ते शोधावे लागते प्रणालीच्या नोंदींत, वेळांच्या क्रमात, फाइल कधी उघडली गेली किंवा नाही याच्या खुणांत. आणि त्यांचा अर्थ माणसासच लावावा लागतो.

नव्या नमुन्याच्या दुसऱ्या भागावर सही करणारा ‘तज्ज्ञ’ कोण, हे त्या कलमात सांगितलेले नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली केंद्र शासनाने अधिसूचित केलेले इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक हा त्याचा एक अर्थ. संगणकाचे ज्ञान असलेली कोणीही व्यक्ती हा दुसरा. पहिला घेतल्यास तालुक्याच्या न्यायालयात मोबाइलवरील एक संदेश दाखल करू पाहणाऱ्या पक्षकारास शासकीय प्रयोगशाळेच्या दारात तिष्ठत राहावे लागेल. दुसरा घेतल्यास मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराची सहीही चालेल. ‘ज्ञान’ आणि ‘विश्वास’ ही जोडी नव्या कलमातही तशीच आहे, आणि तिच्यामधला ‘आणि’ही तसाच आहे.